नंबर बॉडीवर असतो

६ ऑक्टोबर, सोमवार

आज अर्ज लिहिला नाही. बस्स!

अर्ज साधाच होता – ‘जुनी रायफल, किरकोळ दुरुस्ती.’ आमच्या वर्कशॉपचे मॅनेजर मुनीरभाई यांना तो जेवणाच्या आत हवा होता. मजकूर आला की घड्याळ बघायचं आणि लिहायचं, ही माझी सवय. रत्नागिरीच्या पेपरात बावीस वर्षं तेच केलं, आणि इथे शारजात सहा वर्षं शिकारीच्या रायफलींचे परवाना-अर्ज लिहितेय. आज प्रिंटरचा कागद संपला म्हणून मागे गेले, तर आमचा कारागीर शौकत याच्या बाकावर तीच रायफल. लाकडी दस्ता जुना, नळी जुनी. मधली बॉडी, जिच्यात गोळी भरतात ती, मात्र कोरी करकरीत!

"ही कुठून आली, शौकत?"

"पार्टच्या खोक्यातली, ताई. जुनीला तडा गेलाय, बगा."

नंबर बॉडीवर असतो. नोंद तिची. दस्ता बदला, नळी बदला, रायफल तीच. बॉडी बदलली की ती दुसरी रायफल – आधी परवानगी, मग नवी नोंद, जुनी बॉडी जमा. आमच्याच भिंतीवर तीन भाषांत लावलंय. मीच लावलंय!

७ ऑक्टोबर

मुनीरभाई श्रीवर्धनचे. आधी गोड बोलतात. "विनिता मॅडम, गिऱ्हाईक म्हातारे अरबाब आहेत, इथले बडे शेठ. वडलांची रायफल शनिवारी मुलाला द्यायचीय. नव्या नोंदीला दोन महिने जातील! शौकत जुना नंबर नव्या बॉडीवर ठोकेल, तुम्ही ‘दुरुस्ती’ लिहा, खलास."

"ही दुरुस्ती नाही, मुनीरभाई. खोटा नंबर आहे."

"एका शब्दावर अडून बसलाय तुम्ही."

"शब्दांचाच पगार देता की मला!"

चहा अर्धा टाकून गेले.

८ ऑक्टोबर

लिहिला नाही.

९ ऑक्टोबर

आज गोडवा संपला. "तुमचं बरंय मॅडम, तुमचा व्हिसा नवऱ्याचा. शौकतचा कंपनीचा आहे. काम अडलं तर घरी कोण जाईल?"

शौकत तिथेच उभा. फडक्याने हात पुसत होता, पुसतच होता. राजापूरला तीन मुली आहेत त्याच्या. नंबर त्याने ठोकायचा, पकडला गेला तर तुरुंगात त्याने जायचं, आणि नाही ठोकला तरी जायचं त्यानेच – घरी! मी त्याला म्हटलं, "नंबर ठोकायच्या पंचला हात लावू नकोस. मी लिहिलं नाही तर तू ठोकून उपयोग नाही."

नवऱ्याला, नागेशला, तिकडे रुवैसला फोन केला. म्हणे, "सोड की नोकरी. माझी रिफायनरी दोघांना पुरेल."

सोडली तर सोमवारी दुसरं कुणीतरी हाच अर्ज लिहील. सोडणार नाही.

१० ऑक्टोबर

नव्या नोंदीचा खरा अर्ज लिहून मुनीरभाईंच्या टेबलावर ठेवला. फाडला. दुसरी प्रत ठेवली. तीही फाडली. तिसऱ्या वेळी ओरडले, "आणखी किती काढणार आहात?"

हबीबी, प्रिंटर माझ्या टेबलाशी आहे!

११ ऑक्टोबर, शनिवार

अरबाब आले. मुनीरभाई गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणायला आत वळले तेवढ्यात मी उठले आणि दोन्ही बॉड्या अरबाबांपुढे ठेवल्या – सुटी तडकलेली आणि रायफलीत बसवलेली नवी. माझं अरबी बेताचंच. पण नंबर वाचायला अरबी लागत नाही. म्हटलं, लाकूड आणि नळी तुमच्या वडलांची, रायफल मात्र नवी. खोट्या नंबरची रायफल मुलाच्या हातात द्यायची का, ते तुम्ही ठरवा.

म्हातारा बराच वेळ दस्त्यावरून हात फिरवत राहिला. मग मुनीरभाईंकडे वळून हिंदीत म्हणाला, "दो महीना? मेरा बाप चालीस साल से नहीं है. मैं रुक सकता हूँ." आणि खऱ्या अर्जावर सही केली.

मुनीरभाई माझ्याकडे बघेनात. मी मात्र भरपूर बघितलं त्यांच्याकडे! संध्याकाळी दुबईतल्या करामाहून येताना स्वतःसाठी जिलबी घेतली.

१३ ऑक्टोबर

सकाळी शौकतने माझ्या टेबलावर आणखी तीन तडकलेल्या बॉड्या आणून ठेवल्या. "हे मागच्या वर्षीचे, ताई. तुमी परवा अरबाबला बोललात, तेव्हापासून झोप नाय." फाइल काढली. तिन्ही रायफली ‘दुरुस्ती’ होऊन गेल्यात. अक्षर न् अक्षर माझं. एकदाही मागे जाऊन बघितलं नव्हतं.

म्हटलं, उद्या पोलिसांच्या परवाना खिडकीवर जाते, माझं नाव सांगते.

शौकत म्हणाला, "एकट्या नका जाऊ. नंबर ठोकलेत मी."