डबीत उरलेल्या नऊ गोळ्या

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठही अंगं कागदावरच टेकली असं समज, गुडघे हल्ली माझं ऐकत नाहीत.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींना औषध वेळेवर देतेस ना? हे मी विचारावं म्हणजे कमालच आहे, का ते पुढे कळेल.

छातीतली नवी झडप ठणठणीत. इतकी टिकटिकते की परवा मापं देता देता एक गिऱ्हाईक भिंतीवर घड्याळ शोधू लागलं. पण तिच्यावर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची. जास्त झाली तर रक्त थांबत नाही, कमी झाली तर गुठळी. म्हणून सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार अर्धी. (अर्धी मी ब्लेडने कापतो. दोन्ही तुकडे असे सारखे की औषधवाल्यानेही वाखाणले.)

या महिन्यात रक्त किती पातळ आहे त्या तपासणीचा आकडा अडीचच्या वर हवा होता, आला दीड. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी चुकली का. मी कॅलेंडरच बरोबर नेलं होतं, एकूण एक तारखेवर निळी खूण. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला काय विचारता, असा माझा चेहरा. त्यांनी बिचाऱ्यांनी डोस वाढवला.

घरी येऊन हिने गोळ्यांची डबी कापडाच्या टेबलावर उपडी केली. नऊ गोळ्या जास्त निघाल्या. मग उलगडा झाला. मी आयुष्यभर खडूची खूण आधी करतो, कात्री नंतर चालवतो. तशीच सकाळी चहा घेताना त्या दिवसाची खूण करून ठेवायचो, म्हणजे आज घ्यायची आहे. संध्याकाळी हिला वाटायचं, खूण आहे म्हणजे घेतली. आणि कधी शंका आलीच तर मीही कॅलेंडर बघायचो आणि स्वतःच्याच खुणेवर विसंबून निर्धास्त व्हायचो. वाढवलेला डोस आता न चुकता घेतला असता तर काय झालं असतं, ते दोघांनाही एकदमच कळलं. ही रागावली नाही. (लग्नानंतर पहिल्यांदाच.) नुसती म्हणाली, "चला, आत्ताच्या आत्ता सांगून येऊ."

गेलो. मान खाली घालून नऊ गोळ्या पुढे ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी जुनाच डोस ठेवला आणि आठवड्याने पुन्हा तपासणी सांगितली. वर म्हणाल्या, "काका, खूण गोळी गिळल्यावर."

तेव्हापासून ही रोज रात्री आठला पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते. गोळी घशाखाली उतरेपर्यंत हलत नाही. ती घाबरली आहे, ताई. मीही घाबरलोय, पण तिला कसं सांगू?

तुझा धाकटा

ता. क. खरं काम असं, की तू रोज आठला हिला फोन कर. इकडचं तिकडचं बोल आणि सहज विचार, त्याने गोळी घेतली का. सगळा भार तिच्या एकटीवर नको. मी सांगितलं म्हणू नकोस.

दुसरा ता. क. कॅलेंडर आता हिच्या ताब्यात आहे. मी पूर्ण सुधारलोय.

वन्सं, नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय. साडेआठ झाले तरी पेला भरलेलाच होता. सुधारलेले गृहस्थ "एवढं वाक्य संपवतो" म्हणत होते. आत्ता घेतली, मी पाहिलं, मग खूण केली. फोन जरूर करा, पण त्यांनाच करा. ते घाबरलेत हे मला कळलंय, असं मात्र सांगू नका.