टीव्ही बंद पडला की

आई, आज माझ्या वर्गातला प्रोजेक्टर भर तासात बंद पडला. मुलं ओरडली, "मॅडम, गोष्ट सांगा ना!" मी म्हटलं, पुस्तकं उघडा. आणि मला तुझा राग आला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो येतोच. दिघ्याच्या शाळेत मी तुझ्याच वर्गात होते आणि तिथे तुला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा तुझा नियम. तो मी निमूट पाळला. पण ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास शाळेत टीव्ही आणि व्हीसीआर आला, आणि माझं नशीबच फिरलं.

तू भूगोलाची कॅसेट लावायचीस. डोंगर दिसायला लागले की पडद्यावर मुंग्या यायच्या, नाहीतर व्हीसीआर फीतच गिळायचा. वर्गात नुसता कल्ला. तू आधी टीव्हीला दोन थापा द्यायचीस, मग पदर खोचून टेबलाला टेकायचीस. एके दिवशी तशीच टेकलीस आणि म्हणालीस, "एक चिंबोरी होती, चांगली मोठी खेकडी. ती खाडीतनं निघाली आणि चुकून पावणे गावातल्या कारखान्यात शिरली." ती चिंबोरी माझी होती! पप्पांची रातपाळी असली की मी घाबरते, म्हणून तू ती माझ्यासाठी रचली होतीस, रोज थोडी थोडी. आता ती कामगाराच्या डब्यात बसून सगळ्या वर्गासमोर निघाली होती, आणि तू हसत होतीस, घरी कधी हसली नाहीस अशी. "बाई, पुढं काय झालं?" "पुढचं, टीव्ही परत बंद पडला की."

झालं! सगळा वर्ग टीव्ही बिघडायची वाट बघतोय, आणि मी एकटी देवाचा धावा करतेय की आज तरी नीट चालू दे. शेवटच्या बाकावरची पोरं प्लग ढिला करून ठेवायची, मी जाऊन घट्ट बसवायचे. "ए बाईंची चमची, राहू दे ना तसाच!" घरी मी पुढची गोष्ट मागितली, तर भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "वर्गात ऐकतीस की. जेव आता." मग मला कांजिण्या आल्या. मी घरी पडलेले, तिकडे टीव्ही बंद पडला आणि चिंबोरीची गोष्ट संपली. विचारलं तर म्हणालीस, "संपली गं ती. मैत्रिणींना विचार." मी विचारतेय होय! जळून खाक झाले, पण विचारलं नाही.

परवा सीवूड्सला त्याच वर्गातली एक मैत्रीण भेटली. तुझा विषय निघताच तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, "बाईंची चिंबोरी मी रोज माझ्या पोरीला सांगते यार. शेवट कसला भारी आहे ना!" मी म्हटलं, "हो ना." आई, तो शेवट मला ठाऊक नाही. विचारायला तोंड उघडलं होतं, पण माझ्या आईची गोष्ट मी तिच्याकडून ऐकायची? नाही जमलं. तिच्या पोरीला मात्र तो पाठ आहे. आता त्या चिमुरडीवरही मी जळते. हे तुला तोंडावर कधीच सांगितलं नसतं, आणि हा कागदही दुमडून माझ्याकडेच ठेवणार आहे.