फळीपासून तेवीस मीटर तीस

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून कन्येच्या खेळाची सूत्रं माझ्या हाती. निवड चाचणी बावीस तारखेला आहे. पहिल्या चार मुली संघात, बाकीच्या घरी. कन्या तेरा वर्षांची. लांब उडी मारते. तिला कोच दोन आहेत, म्हणजे एकही नाही.

एक शाळेतले. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते. आंघोळीलाही काढत नसावेत. दुसरे क्लबमधले. त्यांच्या हातात टॅब. मुलगी उडी मारते तेव्हा हे गृहस्थ तिच्याकडे बघत नाहीत, टॅबकडे बघतात. शिट्टीचं मत, पळत यायचं ते तेरा पावलं. पोरगी लहान आहे, दमते. टॅबचं मत, पंधरा. वेग नसेल तर ती उडी नव्हे, पडणं. शिट्टी म्हणते, रोज पळव. टॅब म्हणतो, आठवड्यात तीनदा, बाकी दिवस लोळू दे.

दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. एकमेकांबद्दल मात्र माझ्याशी भरभरून बोलतात.

संकल्प: दोघांचा समन्वय घडवणे. रोज पहाटे सव्वापाचला मैदानावर हजर.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ७.५०
उठलो. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये. कन्येला बायको सोडून आली. अशी कामं वाटून घेण्याला संसार म्हणतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार
ऑफिसात बसून प्रश्न सोडवला. लोकांना वाटतं उपसंपादक म्हणजे काना-मात्रा तपासणारा कारकून. पण एक बातमीदार लिहितो मोर्चाला चारशे माणसं होती, दुसरा लिहितो सहाशे. वाचकाला काय द्यायचं? ‘सुमारे पाचशे’ हे मी देतो. बावीस वर्षं देतोय. एकाही वाचकाने डोकी मोजून तक्रार केलेली नाही.

शिवाय लहानपणी पाठशाळेत आठ वर्षं काढली आहेत. दोन तुल्यबळ वचनं आमनेसामने आली तर एकाला खोटं पाडायचं नसतं, दोघांनाही सामावून घेणारी वाट काढायची असते. हे शिट्टीला कोण समजावणार.

निर्णय: चौदा पावलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
जेवताना कन्येला निर्णय सांगितला. ती म्हणाली, बाबा, चौदा नाही चालत. का म्हणून विचारलं. म्हणे, मी डाव्या पायाने उडते. तेरा मोजा नाहीतर पंधरा, शेवटचं पाऊल डावं येतं, चौदाला उजवं येतं. मी म्हटलं, मग उजव्याने उड, तो काय भाड्याने आणलाय? बायकोला ठसका लागला. पाणी दिलं.

नवं काही ऐकलं की तरुण पिढी पायाचं निमित्त पुढे करते.

कन्येने स्वतःची एक व्यवस्था लावलेली आहे असंही कळलं. शाळेच्या मैदानावर तेरा, क्लबात पंधरा. दोन्हीकडे गप्प बसायचं. चाचणीला पंधरा घेणार, कारण पंधरावर उडी लांब जाते. मी विचारलं, हे कोणाला विचारून ठरवलंस? म्हणाली, टेपला.

तेरा वर्षांच्या मुलीने परस्पर निर्णय घेणं मला पटत नाही. पण वाद घातला नाही. मोठेपणा.

१० नोव्हेंबर, सोमवार
दोन्ही कोचांमधला संवाद आता माझ्यामार्फत चालतो. शिट्टीने सांगितलं, त्या टॅबवाल्याला विचारा, आयुष्यात स्वतः कधी वाळूत पडलायस का. हे जसंच्या तसं पोचवणं असभ्य. मी टॅबला कळवलं: शाळेतील सरांना आपल्या खेळाडू म्हणून असलेल्या कारकिर्दीविषयी कुतूहल आहे. टॅब खूश. अकरा मिनिटांचा आवाजी निरोप धाडला, आपण कुठे कुठे जिंकलो त्याचा. शिट्टीसाठी सारांश केला: ‘वाळूशी परिचय जुना आहे.’

शिट्टीला काही बोध झाला नाही. होणारच नव्हता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
कन्या मांडी दुखते म्हणाली. सोम-बुध-शुक्र टॅबकडे आणि रविवार सोडून रोज शिट्टीकडे असं दोन्ही पाळून आठवड्यात नऊ सराव होतात, हे माझ्या तक्त्यावरून आज लक्षात आलं. तक्ता मीच केला आहे, चार रंगांत. बायको म्हणाली, अहो, आठवड्याला दिवस सात असतात. मी म्हटलं, तक्त्यात दोष नाही, आठवडा तोकडा आहे. तिने तक्ता काढून त्याच्या पाठीवर वाण्याची यादी लिहिली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
कन्या दोन दिवस घरी झोपली. मांडी बरी झाली. विश्रांतीची कल्पना माझी होतीच, फक्त बोलून दाखवली नव्हती.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ५.४०
मैदानावर. पहिल्यांदा.

कन्या काय करते ते नीट पाहिलं. चाचणी जवळ आली म्हणून आता शाळेच्या मैदानावरही पंधराच घेते. जिच्यावरून उडायचं त्या फळीपासून टेप लावते, पंचवीस मीटर वीसला पट्टी चिकटवते, तिथून पळत सुटते. पाय बरोबर फळीवर पडतो. चार मीटर बेचाळीस. शिट्टी लांबून बघत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, पोरगी पंधरा घेतेय. म्हणाले, दिसतंय की मला, आंधळा आहे का. तिला जमतंय तर घेऊ दे.

हा माणूस आपल्या मताला चिकटूनही राहत नाही.

पण तेरा पावलांची खूण कुठे असते ते विचारून घेतलं: एकवीस चाळीस. वहीत नोंद केली. मध्य काढला. तेवीस तीस.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आयोजकांचा निरोप: टेप धरायला दोन पालक हवेत. बाकी सगळे, कोचसुद्धा, दोरीच्या बाहेर. तत्काळ नाव दिलं. तीन आठवड्यांचा समन्वय उद्या फळाला येणार. बायको म्हणाली, तुम्ही फक्त टेप धरा. एवढ्या सोप्या कामाला इतकी ताकीद कशाला द्यायची.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४
घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी साडेआठला मुलींना खुणा लावायला सांगितलं. कन्येला तेवढ्यात बिल्ला घ्यायला बोलावलं. जाताना माझ्या हातात पट्टी देऊन म्हणाली, बाबा, पंचवीस वीस. मी हो म्हटलं.

टेप सोडली. पंचवीस वीसपाशी पोचलो. मनात आलं, हीच वेळ. मुलीने दोन्ही गुरूंचा मान राखायला हवा, आणि ते तिच्या लक्षातही येऊ नये. तेवीस तीसला लावली.

पहिली उडी. पट्टीपासून निघाली. फळीपाशी येऊन गोंधळली, पाय फळीच्या पार पडला, तशीच वाळूत पळत गेली. लाल झेंडा. तिने मागे वळून पट्टीकडे पाहिलं. वाऱ्याचा दोष वाटला असावा. मलाही तसंच वाटलं.

दुसरी. पट्टी हातभर मागे सरकवून आली. पुन्हा लाल झेंडा. दोरीबाहेर टॅब ओरडून विचारत होता, अगं, मोजलंस का नीट.

तिसऱ्या उडीआधी तिने टेप माझ्याकडे मागितली नाही. फळीपासून टाचेला चवडा लावत स्वतःच मोजत आली. पट्टीपाशी थांबली नाही. तशीच पुढे मोजत गेली. थांबली तिथून पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी टेप गुंडाळत होतो.

तिने पट्टी उपटून खऱ्या जागी लावली. पण दोन फाउल झाल्यावर माणूस भीत भीत पळतो. फळीच्या वीतभर अलीकडूनच उडाली. चार मीटर एकतीस. चौथ्या मुलीची चार अडतीस.

पाचवी.

दोरीबाहेर दोघंही कोच शेजारी शेजारी उभे होते. त्यांना एकत्र पाहायची माझी ही पहिलीच वेळ. शिट्टी म्हणाली, खूण मोजता येत नाही? टॅब म्हणाला, हेच विचारतोय मी, एवढं बेसिक चुकतं? शिट्टी म्हणाली, सर, तुम्हीही शिकवलंत, मीही शिकवलं. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. पाच मिनिटं पूर्ण एकमत.

कन्या मान खाली घालून म्हणाली, चुकलं सर, घाईत मोजलं मी.

मी दोन पावलांवर होतो. हातात टेप होती. टेपवरची वाळू पुसली.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११
दोन्ही कोचांना खुलासा पाठवावा असं ठरवलं. पहिला मसुदा: ‘काल काही तांत्रिक कारणाने खूण हलली असल्याचे समजते.’ बायकोने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, कोणाकडून समजते? पट्टी तुमच्या हातात होती ना? मी म्हटलं, बातमीची भाषा अशीच असते. ती म्हणाली, ही बातमी नाही, तुमची मुलगी आहे.

चाळीस मिनिटं काम केलं. दुसरा मसुदा: ‘खूण मी हलवली. तिची चूक नाही.’ इतकं लहान वाक्य बावीस वर्षांत लिहिलं नव्हतं.

कन्येला दाखवायला गेलो. ती बुटांतली वाळू खिडकीबाहेर झटकत होती. वाचलं. म्हणाली, नका पाठवू. मी का म्हणून विचारलं. म्हणे, मी माझी चूक म्हणून सांगून टाकलंय, आता तुम्ही हे पाठवलंत तर मी खोटं बोलले असं होईल. आणि दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलायला लागलेत, काल माझ्यासमोर नंबर घेतले, उद्यापासून एकच सराव ठरवणार आहेत.

तिचं म्हणणं तर्काला धरून आहे. शिवाय समन्वय झालाच. पाठवला नाही.

पुढची चाचणी कधी, असं विचारलं. दुसऱ्या बुटाची नाडी सोडत म्हणाली, आईला सांगितलंय.