तांबरमचं घर आणि कामाक्षी टीचर

मी, तुळसीबाई रघुराम राव, वय अडुसष्ट, निवृत्त टायपिस्ट, राहणार पश्चिम तांबरम, चेन्नई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, म्हणजे माझा भाऊ सुब्बा शंका काढणार नाही. आम्ही तंजावरकडचे, घरात मराठीच बोलतो, म्हणून मराठीत लिहिते. मुलाला ती वाचता येत नाही. त्याच्यासाठी तमिळ प्रत मागे आहे.

१. बँकेतल्या ठेवी मुलगा वेंकट आणि नात अनन्या यांना निम्म्या निम्म्या. बांगड्या आणि रेशमी साड्या सून रंजनीला. तिने कधी मागितल्या नाहीत, म्हणूनच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. सुब्बाला माझा टेबलफॅन. १९८२ साली मी विधवा होऊन त्याच्या घरी राहत होते, तेव्हा ‘टकटक शिकून कुणाचं पोट भरत नाही’ असं तो चारचौघांत म्हणाला होता. पंखा टकटकीच्या पगारातला आहे. अजून छान चालतो.

३. राहतं घर. इथे सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण वेंकट घर पाडून फ्लॅट बांधणाऱ्या एका प्रमोटरशी बोलून बसला आहे.

खालच्या खोलीत सहा वर्षं कामाक्षी टीचर राहतात. वय एक्याऐंशी. त्या भाडेकरू नाहीत आणि पाहुण्याही नाहीत. त्यांनी मला टायपिंग शिकवलं. त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये बोटांवर टॉवेल टाकून टाइप करायला लावत. एक अक्षर चुकलं की अख्खं पान पुन्हा. खोडरबर दिसला तर खिडकीबाहेर. एक पत्र मी एकोणीस वेळा केलं आणि मनातल्या मनात त्यांना वाट्टेल ते बोलले. विसाव्या वेळी त्या ‘हं’ म्हणाल्या. पण माझं पान नीट होईपर्यंत त्यांनी कधी दार लावलं नाही, मग त्यांची बस चुकली तरी.

टायपिंगच्या हायर ग्रेड परीक्षेदिवशी एक वर्षाचा वेंकट तापाने फणफणला. मी येत नाही असा निरोप धाडला, तर टीचर रिक्षा घेऊन दारात हजर. केंद्रावर पोचल्यावर एवढंच म्हणाल्या, “मूल माझ्याकडे दे. तू आत जा.” मी आत टाइप करत होते आणि बाहेर व्हरांड्यात वेंकट त्यांच्या मांडीवर दोनदा ओकला. मी पास झाले, नोकरी लागली, चौतीस वर्षं केली, हे घर बांधलं. टीचर, तोंडावर कधी म्हटलं नाही, आता लिहिते: तुमच्यामुळे मला पुन्हा कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

सबब हे घर कामाक्षी टीचर यांना त्यांच्या हयातीपर्यंत. त्यांच्या पश्चात वेंकटला. तोवर विकायचं नाही, पाडायचं नाही, आणि टीचरसमोर ‘पाट्टी (आजी), तुम्हाला वृद्धाश्रमात बरं पडेल’ हे वाक्य पुन्हा उच्चारायचं नाही. वेंकट, ते मला ऐकू आलं होतं. त्यांनाही.

४. टीचरना हे मान्य नाही. त्यांना काही नको. साक्षीदार म्हणून पहिली सही आपली असावी एवढाच त्यांचा हट्ट, कारण माझ्या परीक्षेच्या अर्जावर त्यांचीच होती. वकील हरिप्रिया म्हणाल्या, ज्याला मिळायचं त्याची साक्ष घेऊ नका, उद्या कोर्टात भांडण लागेल. टीचरना घर की टीचरची सही, एकच काय ते ठरवा. टीचरनी लगेच पेन मागितलं. मी दिलं नाही. इतक्या वर्षांत त्यांचं न ऐकण्याची ही माझी पहिलीच वेळ. दोन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाहीत. कॉफी मात्र घेतात.

वरील मजकूर मी दोनदा वाचला आहे. खाडाखोड नाही.

सही: तुळसीबाई रघुराम राव
साक्षीदार: १. शशिकला, शेजारीण. २. डॉ. कृष्णस्वामी.
पश्चिम तांबरम, ९ नोव्हेंबर २०२५

टीचर, साक्षीदारांत तुमचं नाव शोधू नका. घरमालकिणीची साक्ष चालत नाही.