बर्फावरच्या घसरगाडीची धाव

१२ मे, नांदूरघाट
स. लेकीचा, वैशूचा फोन. तिच्या अभ्यासाच्या तुकडीनं हिमनदीवर तंबू ठोकले. खाली गावात उतरलं तरच रेंज. रडारची पेटी मी बनवलेल्या घसरगाडीवरच ओढतायत. पेटी बर्फात लहरी सोडते, परतलेल्या टिपते. बर्फाची जाडी कळते, आणि वरून झाकलेल्या भेगाही. हे मी कॉलेजात नाही, मोटारी रिवाइंड करता करता वाचून शिकलो.
गाडी बाभळीची. सांध्यात एक खिळा नाही. खालून मात्र लोखंडी पट्टी, बैलगाडीच्या चाकाला धाव असते तशी. उघडं लाकूड दगडावर टिकतंय होय?
वैशू म्हणे, "अप्पा, लई जड हाय."
म्हटलं, मजबूत हाय.

१४ मे
वैशूनं रडारचं चित्र पाठवलं. वरपासून खालपर्यंत नुसत्या आडव्या रेघा. भेग दिसायचीच नाही. खाली लिहिलं, "धाव लहरी परत फेकतीय वाटतं. काढू का?"
लिहिलं, काढू नको, मशीन तपास.
दुकानात बसलो, चैन पडेना. जुना रेडिओ लावला, पत्रा जवळ नेला. स्टेशन गेलं. बाजूला केला, आलं. तीनदा केलं.
लगेच मेसेज टाकला: काढ. एकच टिक, पोचलाच नाही.

१५ मे
अजून एकच टिक. ही पोर माझ्या हातच्या वस्तूला विचारल्याशिवाय स्क्रू लावत नाही. आणि मी नको म्हणून बसलोय. आंधळ्या रडारमागं दोर बांधून...
बायकोला सांगितलं. वैशूची आई भाकरी थापायची थांबली. "लोखंड ठोकाया कुनी सांगितलं हुतं?"
कुणी नाही.

१७ मे
दु. फोन!
"धाव कवाच काढली, अप्पा."
"मी नको म्हणलं हुतं ना?"
"तुमचं नको यायच्या आधीच काढली."
"मग इचारलं कशाला?"
"तुमाला वाईट वाटंल म्हणून."
चित्र साफ आलं. पुढं सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेग निघाली, माणूस सहज मावेल एवढी. सगळे मागं फिरले.
हिनं फोन घेतला, "लेकी, तुझ्या बापापरीस तूच शाणी," म्हणून हसली, मग रडली. दोन दिवसांनी पोटभर जेवलो. दुकान उघडलंच नाही.

१९ मे
उघडं लाकूड झिजायला लागलंय म्हणे. मी उपाय काढला: पाण्याचा काळा पाइप उभा चिरून खालून बसव, बांधायला सुतळी, तार नको.
"बघते. पटलं तर बसवीन."
म्हटलं, बघ.
आणि ती वरच्या टप्प्यावर निघाली. तिथं भेगा जास्त. ही विचारतीय, आता फोन कधी. म्हटलं, खाली उतरली की.