विकत घेतलेला लिन

५ एप्रिल १९२१

आज पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढायचा दिवस. त्याच कुदळींनी माणसं कापली!

पुरुष सकाळीच टेकडीवर गेले. आम्ही बायका खाली डुक्कर शिजवत होतो. वरून आरडाओरडा ऐकू आला. शेजारच्या गावच्या शू लोकांनी आपला म्हातारा आमच्या मूळपुरुषाच्या थडग्याच्या बरोबर वर पुरला होता. आमच्या पहिल्या लिनच्या डोक्यावर पाय ठेवून तो कायमचा झोपणार! थोरले भावजी, आमच्या कुळाचे कर्ते, म्हणाले, "उकरा." शू आडवे आले. मग काय — भावजींच्या एकुलत्या एका मुलाने, जीताओने, शूंच्या म्होरक्याच्या मुलाच्या मानेवर कुदळ घातली. सगळ्यांनी पाहिलं. तो पोरगा थडग्याच्या कट्ट्यावरच पडला, तोंडात माती.

आमचे जखमी माझ्या आथूने एकेक करून पाठीवरून खाली आणले. संध्याकाळी नैवेद्याच्या मांसाची वाटणी झाली. प्रत्येक लिन पुरुषाला एक वाटा. आथूला नेहमीसारखं मानेचं हाड आणि वाटीभर रस्सा. विकत घेतलेल्या मुलाला वाटा नसतो. वाढणारा म्हणाला, "चोख नीट, ताकद येईल!" आथू हसला. मला नाही हसू आलं.

६ एप्रिल

शूंनी आमचा उसाचा घाणा जाळला. आत राखणीला झोपलेला म्हातारा बाहेर आला तो अर्धा कोळसा होऊन.

हाक गेली. दुपारपर्यंत आणखी गावांतले लिन येऊन थडकले — खाडीपलीकडचे, डोंगरातले. बंदुका, भाले, एक गंजकी तोफसुद्धा. निम्म्यांचे चेहरे मी जन्मात पाहिलेले नाहीत. आडनाव तेवढं एक!

भावजींनी अंगणात ती जुनी गोष्ट सांगितली. तीन हजार वर्षांपूर्वी दुष्ट राजाने खरं बोलणाऱ्या प्रधानाचं काळीज जिवंतपणी काढलं. त्याची गरोदर बायको जंगलात पळाली, गुहेत बाळंत झाली. पुढे नवा राजा आला, त्याने त्या मुलाला आडनाव दिलं — लिन, म्हणजे जंगल. मग लढायांनी हाकललेले लिन उत्तरेतून सरकत सरकत समुद्राला येऊन टेकले, आणि समुद्रही ओलांडून गेले. "काळीज काढलं तरी मेलं नाही, ते हे आडनाव!" भावजी गरजले. सगळे भाले वर. आथू अगदी पुढे उभा, तोंड उघडं टाकून ऐकत होता. एवढा घोडा झाला, पण गोष्ट ऐकताना तसाच दिसतो — दुष्काळातून टोपलीत बसून माझ्या दारी आला होता तसा. स्वतःचं आडनाव त्याला सांगता येत नव्हतं. माझी बाही मात्र घट्ट धरली होती, झोपेतही सोडेना.

९ एप्रिल

सकाळपासून खाडीच्या बांधावर लढाई. बायकांना दोन्हीकडचे हात लावत नाहीत, म्हणून मेलेले आणायला आम्हीच. भातखाचरात गुडघाभर पाणी, तांबूस. एका शू बाईला तिच्या नवऱ्याचं धड सापडलं होतं, डोकं सापडत नव्हतं. मी तिच्याबरोबर चिखल चाचपडत राहिले. सापडलं ते मलाच. तिने ते अंगरख्याच्या घेरात घेतलं, मला म्हणाली, "तुमचं कोण राहिलंय, ताई?" मी म्हटलं, "मुलगा." ती म्हणाली, "चला, शोधू."

लहानपणी मिशनच्या शाळेत मदर म्हणायच्या, शत्रूवर प्रेम करा. त्या बोलायच्या तेव्हा चर्चबाहेर पेरूची झाडं होती आणि आम्हाला घाई असायची पेरूंची.

१० एप्रिल

आथू आला! डाव्या हाताची दोन बोटं गेली. "आई, भात वाढ," म्हणाला.

१४ एप्रिल

लढाई थांबली. तालुक्याहून फौजेचा साहेब आला. शूंच्या म्होरक्याच्या मुलाला मारणारा माणूस सात दिवसांत जिवंत हातात द्या, नाहीतर गाव पेटवतो, म्हणाला. शूंना तर जिवाला जीव हवा, लिन आडनावाचा कोणीही चालेल.

भावजींनी आथूला आणि मला पूर्वजांच्या दालनात बोलावलं. मला उंबऱ्याबाहेर बसवलं.

"जीताओ गेला तर माझ्या घरात ऊदबत्ती लावायला कोणी उरत नाही," भावजी म्हणाले. "तू गेलास तर तू लिन होशील. खरा. तुझ्या नावाची पाटी इथे बसेल, आमच्या सगळ्यांच्या रांगेत. मांसाचा पूर्ण वाटा, दर वर्षी."

मला वाटलं, आथू थुंकेल. त्याने विचारलं, "मोठे काका, पिढीचं अक्षर पण? सगळ्या भावांच्या नावात असतं ते?"

"तेही. तुझ्या पिढीचं 'जी'. आजपासून तू जीआन."

"लिन जीआन," आथू म्हणाला. घरी येईपर्यंत पुटपुटत होता. मी कानफटात मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा! तो गाल चोळत म्हणाला, "जीआनला मारलंस तू. आथू असता तर ओरडला असता." आणि हसतो वर!

१५ एप्रिल

भावजींकडे गेले. म्हटलं, "काळीज काढलेल्या बापामुळे तुमचं आडनाव राहिलं नाही, भावजी. पोर घेऊन पळालेल्या बाईमुळे राहिलं."

भावजींनी चहाचा घोट घेतला. "त्या बाईच्या पोटात लिन होता. तुझ्या पोटात कोण होता?"

मी त्यांच्या हातातली वाटी हिसकावून भिंतीवर फोडली. त्यांच्या कपाळाला कपची लागली, रक्त आलं. त्यांनी ते पुसलं आणि दुसरी वाटी मागवली. तेच जास्त भयंकर वाटलं.

१६ एप्रिल

लग्न होऊन या गावात आले, विधवा झाले, म्हातारी झाले, तरी मी अजून माहेरचीच — त्साय. इथे बाईचं आडनाव बदलत नाही. दालनात आमच्या नावाच्या पाट्या लागतात त्याही नवऱ्याच्या सावलीत. शाळेत मदर बायबलातली बापांच्या नावांची लांबलचक माळ वाचायच्या — अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा — आणि वाचता वाचता पेंगायच्या. मधेच एखाद्या बाईचं नाव आलं की आम्ही मुली एकमेकींना कोपरं मारायचो. का कोण जाणे, आज दिवसभर तेच आठवतंय.

भावाला निरोप धाडला. त्याचं गलबत परवा लुझोन बेटाकडे निघतंय.

१७ एप्रिल

बोहाय स्वतः आला. माझा धाकटा भाऊ, आता टकला.

"ताई, तो नाही म्हणाला तर?"

"बांधून ने."

"आणि विचारलं कोणी, कोण हा?"

"त्साय म्हणून सांग. तुझा पुतण्या."

"बरं झालं," बोहाय म्हणाला, "मला एक पुतण्या कमीच होता." आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

१८ एप्रिल

धक्क्यावर मामाला मासे उतरवायला मदत कर, असं सांगून आथूला पाठवलं. मागून मीही गेले. खलाशांनी घेरल्यावर त्याला कळलं. एकाचा कान चावून तोडला त्याने. मग वल्हं डोक्यात बसलं. हात बांधताना माझ्याकडे पाहत होता. "आई, हे तू?" मी मान डोलावली. "अगं, माझं नाव लागणार आहे—" पुढचं फडक्यात कोंबलं गेलं.

गलबत गेलं. धक्क्यावरचं रक्त मी बादलीने धुतलं. मग लहान मुलीसारखी हमसून हमसून रडले, आणि खरं सांगते — सुखाने.

२० एप्रिल

घर फोडलं माझं. हंडे, पेटी, खिडक्या. भावजींच्या माणसांनी मला केस धरून अंगणात ओढलं. एक दात पडला. बायकांना हात लावायचा नाही, हा नियम परक्यांच्या बायकांसाठी असतो वाटतं. "कुठे आहे तो?" मी म्हटलं, "समुद्रावर."

उद्या साहेबाची मुदत संपते. जीताओला कोठीत कोंडून ठेवलंय, पळू नये म्हणून. त्याच्या बापानेच! दिवेलागणीला थोरल्या जाऊबाई, जीताओची आई, आल्या. मला वाटलं, त्याही मारणार. दाराशी फतकल मारून बसल्या. "तुझा वाचवलास ना? आता मला सांग, मी कुठे पळवू?" मी फुटक्या हंड्यातून पाणी दिलं, दोघी प्यालो.

२१ एप्रिल

आथू परत आला.

वाऱ्यावाचून गलबत दोन दिवस खाडीच्या तोंडाशी अडकलं; हाताचे दोर सोडले तेव्हा उडी मारली म्हणे. मनगटं सोललेली, ओठ मिठाने फाटलेले. दारात उभा राहूनच म्हणाला, "तिथे सगळे मला 'ए त्साय!' म्हणून हाका मारायचे, आई. मी एकदाही वळलो नाही."

मी त्याची बाही धरली. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, आणि दालनाकडे गेला.