जोडीचा फोटो

आधी भांडण, मग खुशाली. तुला फोन लावावा तर तो वाजून वाजून दमतो, आणि चुकून उचललास तर 'हो आजी, हो आजी' करत माझं बोलणं संपायच्या आत ठेवून देतेस. तुझ्या छोटीच्या हसण्याचा व्हिडिओ मात्र घरातल्या झाडून सगळ्यांना पाठवायला तुला वेळ मिळतो. म्हणून हे कागदावर. कागदाला 'हो आजी' म्हणून गप्प करता येत नाही.

प्रिय भिंगरी,

जोडाक्षरं चुकतील, हसू नकोस. तुझ्या बापाने तो व्हिडिओ शेजारीपाजारी फिरून दाखवला. सगळे पोट धरून हसले. मी एकदाच बघितला आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आताही चार ओळी लिहिल्या आणि उठून नळ बंद आहे का बघून आले. बंदच होता. तुझे आजोबा विचारतायत, कुणाविरुद्ध तक्रार लिहितेस? म्हटलं, तुमच्याच.

माझ्या खोकल्याचं तुला कुणी सांगितलं नसेल. मीच सांगू दिलं नाही. जिना चढताना मध्येच थांबावं लागायचं, मग मी कठड्यावर हात ठेवून खाली कोण चाललंय ते बघायचं सोंग करायची. आजोबांचं वेगळं आहे. त्यांचा जन्म खाणीवर, लोखंडाचा लाल दगड फोडणाऱ्या मशीनपाशी गेला, तेव्हा त्यांनी खोकावं याचं कुणाला नवल नाही. त्यांना छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं होतं, सोबत मी गेले. बाईंनी त्यांच्याआधी माझंच खोकणं ऐकलं आणि दोघांच्याही छातीचे फोटो काढायला लावले.

फोटो आले. बाईंनी माझा दिव्यावर धरला आणि विचारलं, "आजी, तुम्ही खाणीवर काय काम करत होतात?" म्हटलं, मी खाणीचं फाटकसुद्धा ओलांडलेलं नाही, मी घरीच. मग त्यांनी फोटो काढणाऱ्याला बोलावून झापलं, की म्हाताऱ्याचा फोटो म्हातारीच्या नावावर घातलास. बिचारा शपथा घेत होता. माझा पुन्हा फोटो काढला. पुन्हा तेच ठिपके, कुणी रवा सांडून ठेवल्यासारखे. थुंकी तपासली, क्षय नाही. मग बाईंनी विचारलं, "घरात कपडे कोण धुतं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

तुला आठवत नसेल, पण तुझे आजोबा कामावरून यायचे ते विटेसारखे. डोळ्यांचं पांढरं तेवढं ओळखू यायचं. मी दारातच शर्ट उतरवून घ्यायची आणि असा झटकायची की समोरच्या छपरावरची कबुतरं उडायची. गल्लीत प्रत्येक दारातून तोच फटकारा ऐकू यायचा. कुणाचा नुसता फुस्स झाला की आम्ही म्हणायचो, हिला आज बरं नाही वाटतं. आधी झटकायचं, मग भिजवायचं, नाहीतर बादलीत चिखल होतो. दोरीला तुझा हात पुरत नव्हता तेव्हापासून तुला हेच शिकवलं. तूही स्टुलावर उभी राहून झटकायचीस आणि शिंकायचीस. मग दोघी लाल.

बाई म्हणाल्या, नुसतं लोखंड असतं तर एकवेळ गप्प पडून राहिलं असतं. पण त्या धुळीत दगडाची बारीक पूड असते, ती आत चरे पाडते. गेलेली बाहेर येत नाही आणि ती काढायचं औषधही नाही. नवी जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात. हे ऐकून आजोबांनी दोन्ही फोटो घरच्या खिडकीला शेजारी शेजारी लावले. लग्नातला आमचा एकच फोटो, तोही हललेला. म्हणाले, ये, आता जोडीचा नीट आला. जन्मभर आमचं एका गोष्टीवर जमलं नाही, आता छात्या जुळल्या. मी हसले, मग खोकले, मग फोटो उतरवून कपाटात टाकले. रात्री ते कुशीवर वळून पडून होते, पण झोपलेले नव्हते. इतकं मला कळतं.

मला माझं काही नाही. जिना मी थांबत थांबत चढेन. पण त्या व्हिडिओत तुम्ही सगळ्यांनी छोटीचं बोळकं बघितलं, मी तुझे हात बघितले. तू गॅलरीत नवऱ्याचा मालधक्क्यावरचा शर्ट झटकतेस. तिथेही तोच लाल दगड रेल्वेच्या वाघिणींत भरतात. फट्ट आवाज होतो, ढग उठतो आणि छोटी आ करून तो धरायला झेपावते. ती हसली म्हणून तू परत झटकतेस. अगदी माझा फटकारा, तसूभर कमी नाही. भिंगरी, मी शिकवलेलं मीच परत घेते. आजपासून कपडा झटकायचा नाही. मालधक्क्यावर नळ आहे, हे तुझ्या नवऱ्यानेच मला सांगितलंय. अंघोळ तिथे करायची, कपडे तिथेच बदलायचे, ओले करून पिशवीत बांधून आणायचे आणि धुवायचे त्याने, छोटी आतल्या खोलीत असताना. आणि त्याने स्वतःच्या छातीचा फोटो काढून घ्यायचा. या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस. म्हातारीला बरं वाटावं म्हणून तू काहीही लिहिशील. उत्तर माझ्या नातजावयाने लिहायचं, स्वतःच्या हाताने, कपडे धुऊन झाल्यावर. कागदावर लाल बोट उमटलेलं दिसलं, तर मी थांबत थांबत का होईना, तुमचा जिना चढून येईन.

तुझीच, अजून कुणाचं ऐकून न घेणारी,
आजी